मध्यरात्रीचें टपाल आणि नागपूरचा विमानतळ

१९५० च्या सुमारास मुंबईच्या एखाद्या व्यापाऱ्यानें संध्याकाळीं पेढी बंद करतांना कलकत्त्याच्या आडत्याला पत्र लिहावें, तें जवळच्या पेटींत टाकावें, आणि दुसऱ्या दिवशीं तें आडत्याच्या हातीं पडावें, अशी सोय झालेली होती. आगगाडीनें हाच प्रवास करण्यास पत्राला दीड ते दोन दिवस लागत. विशेष हें कीं, या घाईबद्दल व्यापाऱ्याला टपालखात्यास एक पैसाही जादा द्यावा लागत नसे. नेहमींचेंच पाकीट आणि नेहमींचेंच तिकीट. पण पाकीट एका रात्रींत अर्धा देश ओलांडून जाई.

तें सरळ मात्र जात नसे. मुंबईहून निघालेलें पत्र मध्यरात्रीनंतर नागपूरच्या नैर्ऋत्येस सोनेगांवच्या विमानतळावर उतरे, तेथें एका विमानांतून दुसऱ्या विमानांत चढविलें जाई, आणि सकाळच्या सुमारास कलकत्त्यास पोंचे. देशांतील चार मोठ्या शहरांचा पत्रव्यवहार रोज रात्रीं या एका मैदानावर एकमेकांस भेटत असे. नागपूरच्या विमानतळाची हकीकत सांगावयाची तर ती या भेटीच्या अनुरोधानेंच सांगितली पाहिजे. कारण त्या आधींचें जें आहे ती या भेटीची तयारी होती, आणि त्यानंतर जें घडलें तें बहुतेक त्या गमावलेल्या मानाच्या शोधांत घडलें.

सोनेगांवचें मैदान तसें जुनें. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१७-१८ सालीं, ब्रिटिशांच्या हवाई दलासाठीं तें तयार करण्यांत आलें. दुसऱ्या महायुद्धांत तेथील जुन्या इमारतींची डागडुजी झाली, आणि लांब पल्ल्याच्या लष्करी विमानांना वाटेंत थांबण्याचें ठिकाण म्हणून त्याचा उपयोग होऊं लागला. इंग्रज गेले तेव्हां तें हिंदी सरकारच्या हातीं आलें. लष्करानें आपल्या गरजेपोटीं बांधलेल्या अशा कित्येक धांवपट्ट्या युद्ध संपल्यावर गवत वाढून ओस पडल्या. सोनेगांवची पडली नाहीं, याचें कारण नकाशांत आहे.

नागपूर हें देशाच्या मध्यावर आहे ही गोष्ट शाळकरी मुलालाही ठाऊक असते. शहरांतला शून्य मैलाचा दगडी स्तंभ तर नागपूरकर पाहुण्यास अगत्यानें दाखवितात. हा स्तंभ म्हणजे काटेकोर हिशेबानें देशाचा मध्यबिंदु होय कीं नव्हे, हा वाद येथें उकरून काढण्याचें कारण नाहीं. व्यवहाराला तेवढी अचूकता लागत नाहीं. मुंबईहून निघालेली आगगाडी १८६७ सालीं नागपुरास पोंचली. पुढें पूर्वेकडे कलकत्त्यास जाणारा मार्ग येथूनच निघाला. आणि दिल्लीहून मद्रासेस जाणारा उत्तर-दक्षिण मार्गही याच स्थानकांतून गेला. म्हणजे विमानें येण्यापूर्वींच चार दिशांचीं टपालें नागपूरच्या फलाटावर एकमेकांच्या शेजारून जात होतीं. विमानांना हा चौक आकाशांत पुन्हां मांडावयाचा होता.

त्यांत एक अडचण आडवी येत होती. टाटांची विमानटपाल सेवा १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं सुरू झाली. त्या दिवशीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईच्या जुहू मैदानावर आपलें लहानसें विमान स्वतः चालवीत आणलें, आणि तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं टपाल पुढें मद्रासच्या वाटेस लावलें. धाडस मोठें होतें यांत संशय नाहीं. परंतु हें उड्डाण दिवसा उजेडीं करावयाचें होतें, आणि पत्रेंही माणसें दिवसाच लिहितात. कचेऱ्या व पेढ्या संध्याकाळीं बंद होतात तेव्हां टपालाच्या थैल्या भरतात. नेमक्या त्याच वेळीं विमान मुक्कामास उतरून पांखरासारखें स्वस्थ बसावयाचें. आगगाडी मात्र रात्रभर चालते. विमानानें वेगामुळें जें कमवावें त्यांतलें पुष्कळसें रात्रींच्या निजेंत गमवावें, असा हा प्रकार होता. तेव्हां टपालखात्यापुढें खरा प्रश्न अधिक वेगवान विमानाचा नसून रात्रीं उडणाऱ्या विमानाचा होता.

३० जानेवारी १९४९ रोजीं रात्रींच्या हवाई टपालाची योजना अमलांत आली. दळणवळण खात्याचे मंत्री रफी अहमद किडवई हे तिचे पुरस्कर्ते. योजना ऐकावयास अगदीं साधी आहे. श्रोत्यांनीं क्षणभर नकाशा डोळ्यांपुढें आणावा. नागपूरपासून मुंबई हवाई मार्गानें सुमारें ६८० किलोमीटर, दिल्ली ८५०, मद्रास ९००, आणि कलकत्ता ९८० किलोमीटर. युद्धानंतर स्वस्तांत मिळालेलीं डाकोटा जातीचीं विमानें त्या वेळीं सर्वत्र वापरांत होतीं. तीं ताशीं सुमारें अडीचशे ते पावणेतीनशे किलोमीटर जात. म्हणजे चारी शहरांहून नागपूर अडीच ते चार तासांच्या पल्ल्यांत आलें. रात्रीं जेवणवेळ उलटल्यावर चार दिशांनीं चार विमानें निघावयाचीं. मध्यरात्रीनंतर तीं सोनेगांवीं एकत्र यावयाचीं. थैल्यांची अदलाबदल व्हावयाची. आणि तींच विमानें उलट फिरून उजाडतां उजाडतां आपापल्या गांवीं पोंचावयाचीं.

यांतली काटकसर ध्यानांत घेण्यासारखी आहे. चार शहरांच्या जोड्या होतात सहा. प्रत्येक जोडीसाठीं एक जाणारें व एक येणारें विमान ठेवावयाचें म्हटलें, तर रात्रीं बारा विमानें उडवावीं लागतील, आणि त्यांतलीं कित्येक अर्धींमुर्धीं रिकामीं जातील. नागपूरला मध्यें घेतलें कीं हेंच काम चार विमानांत होतें, आणि तींही भरलेलीं. शिवाय वैमानिक सकाळीं आपल्या घरीं परत येतो, हा फायदा हिशेबाच्या वहींत मांडला जात नसला तरी लहान नव्हे.

या व्यवस्थेला एक किंमतही द्यावी लागे. कलकत्त्याचें विमान वाटेंत वादळानें अडलें, तर बाकीच्या तिघांनीं त्याची वाट पाहावी, कीं त्याचें टपाल मागें टाकून निघावें? थांबावें तर चारी शहरांची सकाळ चुकते. निघावें तर एका प्रांताचें टपाल दिवसभर नागपुरास पडून राहतें. मोठ्या विमानतळांवर आजही रोज हाच प्रश्न सोडवीत बसावें लागतें. सोनेगांवच्या अधिकाऱ्यांपुढें तो रात्रीं दोन वाजतां, आणि आजच्या साधनांवांचून, उभा राही.

योजनेचा अर्थ पुरता कळावयाचा तर तिच्याच वर्षीं घडलेली दुसरी गोष्ट तिच्याशेजारीं ठेवून पाहिली पाहिजे. १ एप्रिल १९४९ पासून देशांतल्या देशांत जाणारें पत्र वेगळा हवाई आकार न घेतां विमानानें नेण्याची पद्धति सुरू झाली. तोंवर विमानानें पत्र धाडणें म्हणजे जादा तिकीट, वेगळी चिठ्ठी, आणि म्हणून सधनांची किंवा अत्यंत निकडीची बाब. आतां नोकरीच्या शोधांत मुंबईस आलेल्या मुलानें दिल्लीच्या वडिलांस लिहिलेल्या चार ओळींनाही तोच वेग मिळूं लागला. विमानाचें भाडें न परवडणाऱ्या लक्षावधि लोकांनीं विमानाचा उपयोग केला तो या थैल्यांच्या द्वारें. आणि त्यांतल्या बहुतेकांना आपलें पत्र नागपूर पाहून आलें आहे याची दादही नव्हती.

काम पहिल्यानें खासगी कंपन्यांकडे होतें. आरंभींच्या काळांत त्यांत खंड पडला, कंपनीही बदलली. हिमालयन एव्हिएशन या कंपनीनेंही तें कांहीं काळ चालविलें. १ ऑगस्ट १९५३ रोजीं विमानकंपन्यांचें राष्ट्रीयीकरण झाल्यावर तें इंडियन एअरलाइन्सकडे आलें. विमानांत थैल्यांबरोबर उतारूही असत. दिवसाच्या मानानें भाडें कमी, आणि सकाळीं कामाच्या गांवीं हजर. त्यामुळें व्यापारी, वकील व कामगार-पुढारी अशा मंडळींना ही रात्र सोयीची वाटे. या वर्दळीमुळें १९५३ सालीं सोनेगांवीं नव्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांत फराळाची सोय होती, विश्रांतीच्या खोल्या होत्या, पुस्तकांचें दुकान होतें, आणि विमानें पाहावयास येणाऱ्या लोकांसाठीं सज्जाही होता. विमानाचें तिकीट काढण्याची ऐपत नसलेल्या कुटुंबानें मुलाबाळांसह येऊन विमान पाहावें, ही गोष्ट विमानतळ बांधणारांनीं त्या काळीं गृहीत धरली होती. आजच्या विमानतळांवर कांचेच्या दाराशीं बंदूकधारी शिपाई उभा असतो. त्याचीं कारणें सर्वांस ठाऊक आहेत, तरी त्या सज्जाची आठवण व्हावयाची ती होतेच.

परंतु रात्रींचें उड्डाण हा खेळ नव्हता. १२ डिसेंबर १९५३ च्या रात्रीं नागपूरहून निघालेलें एक डाकोटा विमान उड्डाणानंतर थोड्याच वेळांत एंजिनानें दगा दिल्यामुळें कोसळलें. विमानांतील १४ जणांपैकीं १३ जण मृत्युमुखीं पडले; एकटा वैमानिक वांचला. दोन एंजिनांच्या विमानानें जमीन सोडल्यावर पहिल्या मिनिट-दोन मिनिटांत एक एंजिन बंद पडावें, भोंवतालीं अंधार असावा आणि विमान भरलेलें असावें, यापेक्षां वाईट प्रसंग वैमानिकावर क्वचितच येतो. जलद टपालाचा जमाखर्च मांडतांना ही रात्र वगळतां येत नाहीं. सेवा बंद पडली नाहीं. त्यानंतरही तीं विमानें वर्षानुवर्षें येत-जात राहिलीं.

नागपूरचें स्वतःचें स्थान मधल्या काळांत बदललें. १९४९ सालीं तें मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होतें, पुढें मध्यप्रदेशची. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं विदर्भ मुंबई राज्यांत आला आणि राजधानीचा मान गेला. १९६० नंतर हिवाळी अधिवेशन तेवढें उरलें. कचेऱ्या गेल्या, अधिकारी गेले, पण रात्रीं दीड-दोन वाजतांचा तो मेळा राहिला. कारण तो राज्याच्या सीमांवर नव्हे, तर विमानाच्या पल्ल्यावर अवलंबून होता.

पुढें पल्लाच बदलला. डाकोटांच्या जागीं स्कायमास्टर आलीं, व्हायकाउंट आलीं. १९६४ सालीं इंडियन एअरलाइन्सकडे कॅराव्हेल जातीचीं जेट विमानें आलीं, आणि मुंबई-कलकत्ता हें अंतर वाटेंत न थांबतां अडीच-तीन तासांत तोडणें नित्याचें झालें. मग मुंबईचें पत्र नागपुरास कशाला उतरवावयाचें? चार शहरांमधील सहाही जोड्यांना पुरेल इतकी रहदारी झाली, तेव्हां मधला थांबा हा सोय न राहतां अडथळा ठरला. १९७३ सालीं रात्रींचें हवाई टपाल बंद झालें.

त्याच वर्षाची दुसरी एक नोंद येथें करण्यासारखी आहे. १७ एप्रिल १९७३ रोजीं अमेरिकेंत मेंफिस या शहरीं फेडरल एक्सप्रेस नांवाच्या कंपनीनें आपलें काम सुरू केलें. १४ लहान विमानें आणि २५ शहरें. सगळ्या शहरांचीं पुडकीं रात्रीं मेंफिसला आणावयाचीं, तेथें निवडावयाचीं, आणि पहाटेपूर्वीं परत धाडावयाचीं. ही कल्पना नागपूरहून तिकडे गेली असें कोणी म्हणूं नये. पण ती नागपूरचीच कल्पना होती. आणि जेट विमानांच्याच युगांत ती तिकडे फोंफावून जगभर पसरली, तर इकडे जेट विमानांमुळेंच ती निरुपयोगी ठरली, हें कसें?

उत्तर जोड्यांच्या हिशेबांतच आहे. शहरें चार असतां जोड्या सहा. त्या सरळ विमानांनीं भागवितां येतात. शहरें चाळीस झालीं कीं जोड्या होतात ७८०. त्या कोणालाही सरळ भागवितां येणार नाहींत, आणि तेथें मधलें एक ठिकाण लागतेंच. नागपूरची व्यवस्था मोठ्या चार शहरांपुरती होती, म्हणून त्या चार शहरांची गरज संपतांच ती संपली. तींत वेळींच रायपूर, इंदूर, औरंगाबाद, विजापूर, कटक अशीं मधलीं शहरें गुंफलीं असतीं तर काय झालें असतें, हा प्रश्न अर्थात् मागाहून विचारलेला आहे, आणि त्या काळच्या विमानखात्याजवळ तेवढीं विमानें नव्हतीं हेंही खरें. तरी नागपूरचा मध्यवर्तीपणा जेट विमानांनीं नष्ट केला असें जें सर्रास म्हटलें जातें तें अर्धेंच खरें आहे.

या शतकाच्या आरंभीं हाच विचार नव्या नांवानें पुन्हां वर आला. २००२ सालीं महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली, आणि सोनेगांवालगत मालवाहतुकीचें आंतरराष्ट्रीय केंद्र व उद्योगक्षेत्र उभारण्याची ‘मिहान’ योजना तिच्याकडे आली. २००५ सालीं विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव देण्यांत आलें; ज्या नागपुरांत १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं त्यांनीं लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या नगरास तें शोभणारें आहे. २००८ सालीं नवी इमारत खुली झाली, २००९ सालीं विमानतळाचा कारभार राज्याची कंपनी व केंद्राचें विमानतळ प्राधिकरण यांच्या भागीदारींतील मंडळाकडे गेला, आणि २०१५ सालीं बोइंग कंपनीनें बांधलेला विमानदुरुस्तीचा कारखाना एअर इंडियाच्या हातीं आला. शारजा व दोहा येथें थेट विमानें जाऊं लागलीं. २०१९ सालीं वर्धा मार्गावरून मेट्रो धांवूं लागली व विमानतळाच्या नांवाचें स्थानकही झालें.

मूळ कल्पनेची खरी परीक्षा मात्र २००९ च्या अखेरीस झाली. कॅप्टन गोपीनाथ यांनीं ‘डेक्कन ३६०’ ही मालवाहू विमानसेवा काढली आणि तिचें मध्यवर्ती ठाणें नागपुरास केलें. साठ वर्षांनंतर सोनेगांवीं पुन्हां चारी दिशांचीं विमानें पुडकीं घेऊन येऊं लागलीं. २०११ सालीं ही सेवा बंद पडली. मध्यबिंदु जागेवरच होता. रोज रात्रीं तेथें येणारें विमान भरेल इतकें गिऱ्हाईक, तें जमेपर्यंत तग धरणारें भांडवल, यांची वाण पडली. १९४९ सालीं सरकारचें टपाल रोज ठरलेल्या वजनानें मिळत होतें, आणि विमान निघण्यापूर्वींच त्याची भरती ठरलेली असे. हा आधार खासगी मालवाहतुकीला नव्हता.

‘मिहान’साठीं लागलेली जमीन चार हजार हेक्टरांहून अधिक आहे, आणि ती माळरान नव्हती. शिवणगांव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगांव या गांवांतील शेतकऱ्यांचीं शेतें आणि घरें तींत गेलीं. मोबदल्याचा दर, घरांच्या बदल्यांत घरें, घरांतील एकाला नोकरी, यांवरून तक्रारी, मोर्चे व दावे वर्षानुवर्षें चालले. शहरांतील वाचक विमानतळाच्या वाढीची बातमी वाचतो तेव्हां नवी इमारत किती मजली आणि नवें विमान कोठें जाणार हें पाहतो. शिवणगांवच्या माणसाला दुसऱ्या धांवपट्टीची बातमी वेगळी वाचावी लागे: तिची रेघ आपल्या वस्तींतून जाते काय? योजना वेगानें पुरी झाली असती तर निदान तेथें उभे राहिलेले कारखाने दाखवून त्याची समजूत घालतां आली असती. प्रत्यक्षांत पुष्कळ भूखंड दीर्घकाळ रिकामे राहिले, आणि हीच गोष्ट त्याच्या जिव्हारीं लागली.

विमानतळ खासगी कंपनीकडे सोंपविण्याचा प्रश्नही असाच रेंगाळला. २०१८ सालीं बोली मागविल्या गेल्या. जीएमआर या कंपनीची बोली वरचढ ठरली. २०२० सालीं ती प्रक्रियाच रद्द झाली. कंपनी न्यायालयांत गेली. २०२१ सालीं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें आणि २०२२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें कंपनीच्या बाजूनें निकाल दिला. ऑक्टोबर २०२४ मध्यें सुमारें ७,००० कोटी रुपयांच्या विस्तारकामाची कोनशिला बसली. बोलीपासून कोनशिलेपर्यंत सहा वर्षें गेलीं. तेवढ्यांत दुसरीकडे अख्खे विमानतळ बांधून झाले.

धांवपट्टीबद्दल एक खुलासा केला पाहिजे, कारण तिच्या लांबीचा प्रश्न नागपुरास इतरांहून अधिक जाचतो. सध्यांची पट्टी ३,२०० मीटर लांब आहे. मे महिन्यांत नागपूरची हवा ४५ अंशांपलीकडे तापते. तापलेली हवा विरळ होते. पंखांना उचलून धरण्याची तिची ताकद कमी होते, एंजिनाचा जोरही कमी पडतो. म्हणून तेंच विमान, तेंच वजन घेऊन, डिसेंबरांत लवकर जमीन सोडतें आणि मे महिन्याच्या दुपारीं पट्टीवर बरेंच पुढेंपर्यंत धांवतें. लांबच्या देशाला जाणारें, इंधनानें व मालानें भरलेलें विमान अशा दुपारीं उडवावयाचें तर वजन कमी करावें लागतें किंवा रात्रीची वाट पाहावी लागते. ज्याला मालवाहतुकीचें केंद्र व्हावयाचें आहे त्याच्या दृष्टीनें ही किरकोळ बाब नव्हे, आणि दुसऱ्या, अधिक लांब पट्टीचा आग्रह धरणारांचें म्हणणें येथें पटण्यासारखें आहे.

दरम्यान आकाशांतला चौक ओस पडलेला नाहीं. दिल्लीहून बंगळूर, हैदराबाद व चेन्नईकडे जाणारीं, मुंबईहून कोलकात्याकडे जाणारीं, आणि आखातांतून पूर्वेच्या देशांकडे जाणारीं कितीतरी विमानें रात्रंदिवस नागपूरच्या आसमंतावरून जातात. त्यांतलीं बहुतेक दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून निघून जातात आणि खालच्या शहराला त्यांचा आवाजही येत नाहीं. पण एखाद्या विमानांत उतारूच्या छातींत कळ येते, कोणाचा श्वास अडतो, आणि वैमानिकाला जवळची मोठी धांवपट्टी हवी असते. मध्यभागीं असल्यामुळें ती पुष्कळदां सोनेगांवचीच निघते. आखाती देशांत नोकरीस गेलेला मजूर, मुलाकडे निघालेली वृद्धा, अशीं नागपूर कधीं न पाहिलेलीं माणसें मग येथें उतरविलीं जातात. विमान थांबण्यापूर्वींच रुग्णवाहिका पट्टीच्या कडेला येऊन उभी असते, आणि रोग्याला घेऊन ती वर्धा मार्गानें शहरांतील रुग्णालयाकडे निघते.